जुना फ्लॅट घेताना किमतीपलीकडच्या खर्चाची तयारी

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत ८० लाख रुपयांचा पुनर्विक्रीचा फ्लॅट ठरला आहे असे धरू. गृहकर्ज ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे येथे ६४ लाख रुपये देता येतात, आणि ही किंमत मोजताना मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क त्यात धरले जात नाही. त्यामुळे स्वतःचे १६ लाख जमले म्हणजे तयारी झाली हा हिशेब चुकीचा ठरतो. दलाली, सरकारी शुल्क आणि सोसायटीचे देणे मिळून आणखी जवळजवळ सात लाख रुपये हाताशी लागतात, आणि वकिलाची व बँकेची फी त्यावर वेगळी.

टोकन देण्यापूर्वी पहिला खर्च वकिलाचा करावा. मालमत्तेचा मागील ३० वर्षांचा शोध अहवाल (मालकी कोणाकडून कोणाकडे गेली आणि तिच्यावर बोजा आहे का, याची तपासणी), वृत्तपत्रातील जाहीर सूचना आणि करारनाम्याचा मसुदा या तिन्हींची फी आधीच लेखी ठरवून घ्यावी. बँकेचा वकीलही शोध घेतो, म्हणून स्वतःचा वकील टाळणारे बरेच जण आहेत. पण बँकेचा वकील बँकेचे तारण सुरक्षित आहे की नाही एवढेच पाहतो. या एका ठिकाणी काटकसर करू नये. जुन्या इमारतीत विक्रेत्याकडून पहिल्या खरेदीपासूनचे साखळी करारनामे मूळ प्रतींसह मागावेत आणि प्रत्येकावर मुद्रांक शुल्क पूर्ण भरले आहे का, दस्त नोंदवलेला आहे का, हे पाहावे. जुना करार कमी मुद्रांकाचा निघाल्यास फरकाची रक्कम आणि तिच्यावर दरमहा २ टक्के दंड भरावा लागतो. तो विक्रेत्याने भरायचा आहे, ही अट विसार पावतीतच, म्हणजे व्यवहार पक्का करताना दिलेल्या आगाऊ रकमेच्या पावतीतच, लिहून घ्यावी, कारण विसार दिल्यानंतर घासाघीस करण्याची ताकद खरेदीदाराकडे उरत नाही. जमीन सिडको या सरकारी नगर-विकास महामंडळाची भाडेपट्ट्याची किंवा शासनाने दिलेली असेल, तर हस्तांतरणाची परवानगी आणि तिचे शुल्क हा आणखी एक खर्च असतो.

सर्वांत मोठी रक्कम मुद्रांक शुल्काची. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत मूळ दर ५ टक्के आहे आणि त्यावर स्थानिक संस्था कर व मेट्रो अधिभार प्रत्येकी १ टक्का धरून तो ७ टक्के होतो. मुंबईत तो ६ टक्के आहे. शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरनुसार (सरकारने ठरवलेल्या विभागवार दरांच्या तक्त्यानुसार) येणारे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर लागते, म्हणून घासाघीस करून किंमत खाली आणली तरी शुल्क त्याच प्रमाणात उतरेल असे नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या विभागाचा दर पाहून, मजला आणि इमारतीचे वय यांचा हिशेब वकिलाकडून तपासून घ्यावा. रेडी रेकनरचे मूल्य ८० लाखांच्या आत असल्यास शुल्क ५ लाख ६० हजार होते. त्यात नोंदणी शुल्काची भर पडते, जे १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये आहे, आणि दस्त हाताळणीचे शुल्क पानागणिक आकारले जाते.

निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतल्यास एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे; आपल्या उदाहरणात ती ८० हजारांची होते. पती-पत्नी दोघांची नावे घातली की ती मिळत नाही. पती सहकर्जदार राहून मालक नसला तरी चालते, मात्र मालक नसलेल्याला गृहकर्जावरील प्राप्तिकराची वजावट घेता येत नाही, तेव्हा दोन्ही आकडे समोरासमोर मांडूनच नावे ठरवावीत. मुद्रांक शुल्काचे चलन भरल्यानंतर हा विचार सुचून उपयोग नसतो.

किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्याने विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (उगमस्थानी करकपात) कापून तो सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे. हा वाढीव खर्च नव्हे. ८० लाखांतलेच ८० हजार विक्रेत्याऐवजी सरकारला जातात. पण ज्या महिन्यात रक्कम कापली त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत भरणा झाला नाही, तर व्याज आणि विलंब शुल्क खिशातून जाते. विक्रेता अनिवासी भारतीय असल्यास हा दर लागू होत नाही आणि कापायची रक्कम बरीच मोठी असू शकते, म्हणून टोकन देण्यापूर्वीच ते विचारून घ्यावे.

पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा पुनर्विक्रीच्या घरावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या घरावर १ टक्का लागतो.

सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि हस्तांतरणाचे पैसे किती, हे चिटणीसांना लेखी विचारावे. ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकानुसार महानगरपालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (सभासदत्व बदलताना सोसायटी घेते ती रक्कम, म्हणजे ट्रान्सफर प्रीमियम) २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही. त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतरण शुल्क आणि १०० रुपये प्रवेश फी असते. काही सोसायट्या त्यावरची रक्कम ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून मागतात. सक्तीने मागितलेली देणगी ऐच्छिक नसते, एवढे नम्रपणे सांगून परिपत्रकाची प्रत पुढे ठेवावी. अधिमूल्य कोणी द्यायचे, खरेदीदाराने, विक्रेत्याने की निम्मे-निम्मे, हे करारात स्पष्ट असावे. दलाली पुण्यात बहुधा १ टक्का असते. दलाल जीएसटी नोंदणीकृत असल्यास तीवर १८ टक्के कर लागतो, आणि दलालीत घासाघीस करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

बँकेची प्रक्रिया फी, मूल्यांकन फी आणि मालमत्तेचे मूळ दस्त तारण ठेवताना लागणारे मुद्रांक शुल्क यांचे आकडे मंजुरीपत्राबरोबरच मागावेत. तारणाची सूचना नोंदणी कार्यालयात ३० दिवसांत नोंदवावी लागते आणि तिचीही फी असते.

नोंदणीच्या दिवशी दोन साक्षीदार, सर्वांची ओळखपत्रे, आधार व पॅन, आणि चलनाची प्रत बरोबर असावी. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवावा लागतो, पण तेवढे थांबण्यात शहाणपण नाही. नोंदणीचे काम करून देणारे एजंट ‘सगळे मिळून इतके’ असा एकच आकडा सांगतात. कागदावर मुद्रांक, नोंदणी, हाताळणी आणि त्यांची स्वतःची फी अशा चार ओळी लिहून मागाव्यात. पहिल्या तिन्ही रकमांची सरकारी पावती असते, त्यामुळे जिची पावती नाही ती रक्कम लगेच उघडी पडते. नोंदणीनंतर सूची दोनची (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, म्हणजे इंडेक्स टू) प्रत काढून त्यातील क्षेत्रफळ, मजला आणि नावांची अक्षरे तेथेच पडताळावीत, कारण चूक पुढे निघाल्यास चूकदुरुस्ती दस्ताचा नवा खर्च येतो.

यानंतर मिळकतकर आणि वीजबिल नावावर करून घ्यावे. मुद्रांक व नोंदणी शुल्काच्या पावत्या करारासोबत ठेवाव्यात: जुन्या करप्रणालीत त्या रकमेवर दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत, ज्या वर्षी पैसे भरले त्याच वर्षी वजावट मिळते, आणि पुढे घर विकताना ती रक्कम खरेदी-खर्चात धरली जाते.