लांब पल्ल्याची धाव : ढांग सुधारताना या चुका टाळा

ठरावीक वेगाने धावताना शरीराला किती प्राणवायू खर्च करावा लागतो, यावर लांब पल्ल्याच्या धावपटूची कार्यक्षमता ठरते. हा खर्च वाढवणारी सर्वांत नेहमीची चूक म्हणजे वेगासाठी ढांग पुढे फेकणे. पाय जवळजवळ ताठ असताना पाऊल शरीराच्या बरेच पुढे पडले, की आधी ब्रेक लागतो आणि गमावलेला वेग स्नायूंना पुन्हा कमवावा लागतो. गुडघ्याला बसणारा धक्का वेगळाच. स्वतःची धाव बाजूने मोबाइलवर चित्रित करून घ्यावी आणि पाऊल टेकतानाची नडगी पाहावी. ती उभी असावी. मागे कललेली दिसली, तर वेग तोच ठेवून मिनिटाची पावले सुमारे ५ टक्क्यांनी वाढवावीत, म्हणजे १६० असतील तर १६८.

थेट १८० गाठण्याचा अट्टहास मात्र नको. अमेरिकन धाव-प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावले मोजली, तेव्हापासून हा आकडा रूढ झाला. पण ती ऑलिंपिक शर्यतीच्या वेगातली पावले होती, आपल्या रविवारच्या संथ धावेतली नव्हेत.

टाचेवर उतरणे हा दोष समजून एका आठवड्यात चवड्यावर धावू लागणे ही त्याहून महागात पडणारी चूक होय, कारण भार गुडघ्यावरून पोटरीवर आणि टाचेमागच्या कंडरेवर सरकतो व त्यांना सवयीला काही महिने लागतात. अनेक उत्तम धावपटू टाचेवरच उतरतात. पाऊल शरीराच्या किती पुढे पडते, हे ते टाचेवर पडते की चवड्यावर याहून महत्त्वाचे आहे.

हातांचे काम कमी लेखू नये. हात डोक्यावर ठेवून धावल्यास ऊर्जेचा खर्च सुमारे १३ टक्के वाढतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. तरीही दिसण्यातला प्रत्येक वेगळेपणा दोष नसतो : ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ यांनी २००३ मध्ये लंडन मॅरेथॉनमध्ये २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा महिलांचा विश्वविक्रम केला, तो मान सतत डोलावतच.

खरी ढब थकल्यावर उघडी पडते, म्हणून चित्रीकरण लांब धावेच्या शेवटी करावे. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वर घाट चढून दमलेले पाय परतीच्या उतारावर आपोआप लांब ढांगा टाकू लागतात. तिथे मागे रेलण्याऐवजी पावले छोटी आणि जलद ठेवावीत.