अवकल समीकरणांच्या अभ्यासाला बसण्यापूर्वी

अवकल समीकरणांच्या पेपरात विद्यार्थी बहुधा अडखळतो तो आदल्या वर्षी शिकलेल्या समाकलनापाशी. म्हणून पहिल्या व्याख्यानाआधी आदेश पद्धत, खंडशः समाकलन आणि आंशिक अपूर्णांक यांची रोज चार-पाच उदाहरणे, सूत्रांचा कागद समोर न ठेवता, आठवडाभर सोडवून हात मोकळा करून घ्यावा. रेखीय बीजगणितातले आयगेन-मूल्ये काढणे आणि रेखीय स्वातंत्र्य तपासणे एवढे पक्के असले तरी पुरते.

वहीत प्रत्येक उदाहरणाच्या माथ्यावर सर्वोच्च अवकलज कितव्या कोटीचा आहे, समीकरण रेखीय आहे का आणि कोणत्या अटी दिल्या आहेत, हे आधी लिहावे. अटी हा उदाहरणाचाच भाग असतो, ही गोष्ट फार जण उत्तराच्या शेवटच्या ओळीपर्यंत विसरतात. य′ = य(१ − य) हे समीकरण चल वेगळे करून सोडवताना उजव्या बाजूने भागले की य = ० आणि य = १ ही दोन स्थिर उत्तरे हिशेबातून निसटतात; प्रारंभी य = १ दिलेले असेल, तर खरे उत्तर तेवढेच असते आणि पानभर केलेले समाकलन वाया जाते. तसेच य′ = य² आणि य(०) = १ घेतल्यास य = १/(१ − क्ष) मिळते, जे क्ष = १ कडे जाताना अमर्याद वाढते, जरी समीकरणाकडे नुसते पाहून १ या बिंदूपाशी काहीच वावगे दिसत नाही. उत्तर कोणत्या अंतरालावर खरे आहे, हे म्हणूनच उत्तरासोबत लिहावे, आणि ते मूळ समीकरणात घालून ताळा करावा. ताळ्याला दोन मिनिटे लागतात आणि चिन्हाची चूक तिथेच सापडते.

आंशिक, म्हणजे एकाहून अधिक स्वतंत्र चलांच्या, अवकल समीकरणांकडे वळताना अनेक चलांचा शृंखला नियम, अपसरण सिद्धांत आणि फूरिए श्रेणी यांची उजळणी लागते. उष्णतेचे समीकरण फ्रेंच गणिती फूरिएने १८२२ च्या आपल्या ग्रंथात ज्या रीतीने हाताळले, ती रीत एकदा स्वतः पूर्ण करून पाहावी: π लांबीची सळई, दोन्ही टोके शून्य तापमानाला, आणि विसरणाचा गुणक १. चल वेगळे केल्यावर येणारा स्थिरांक धन, शून्य की ऋण, हे तिन्ही पर्याय लिहून तपासावेत. पाठ्यपुस्तके दोन पर्याय एका वाक्यात निकाली काढतात, पण १, ४, ९ अशी वर्गसंख्यांची मालिकाच का उरते, ते तिथेच कळते. न या क्रमांकाचे पद काळाबरोबर (ट म्हणजे काळ) ई^(−न²ट) या वेगाने विझते, म्हणून टोकदार प्रारंभिक आलेख क्षणात गुळगुळीत होतो. काळ उलटा चालवला तर तीच पदे फुगतात आणि मोजमापातली बारीक चूकही उत्तर बिघडवते. उत्तर असावे, एकच असावे आणि दिलेल्या माहितीत किंचित फरक पडल्यास त्यातही किंचितच फरक पडावा, ही फ्रेंच गणिती आदामारची अपेक्षा या उदाहरणासोबत वाचली तर कोरडी वाटत नाही. तरंग-समीकरणाला प्रारंभीचे स्थान आणि वेग दोन्ही लागतात, उष्णतेला केवळ प्रारंभीचे तापमान, तर लाप्लासच्या समीकरणाला फक्त सीमेवरील माहिती. हा फरक पाठ असावा.

संगणकाकडे जाण्याआधी ऑयलरची पद्धत एकदा कागदावर करावी. य′ = य, य(०) = १ घेऊन ०.१ च्या दहा पावलांनी क्ष = १ पाशी २.५९३७ येते, खरे उत्तर २.७१८३ आहे. मग वरच्या सळईसाठी सरळ पुढे जाणारी फरक-पद्धत (आधीच्या क्षणाच्या तापमानांवरून पुढच्या क्षणाचे थेट काढणारी) लिहून काळाची पायरी अंतराच्या पायरीच्या वर्गाच्या निम्म्याहून मोठी ठेवून पाहावी: थोड्याच पावलांत तापमान धन-ऋण हेलकावे खाऊ लागते, आणि प्रोग्राममध्ये टंकाची चूक शोधण्यात संध्याकाळ जाण्याआधी हे गुणोत्तर तपासावे.