पोराचा ताप ‘डोक्यात गेला’ हे ओळखायचं कसं?

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात मी आशाताई आहे. पावसाळ्यात घरोघरी ताप. मेंदूला सूज आली की आपण म्हणतो, ताप डोक्यात गेला; पण प्रत्येक पोराला काही जळगावला पळवायचं नसतं. म्हणून थर्मामीटर लावता लावता मी त्याच्याशी बोलते. “सकाळी काय खाल्लं रे?” १०२ ताप असूनही धड उत्तर आलं, तर जरा धीर येतो. पण आईलाच ओळखेना, भलतंच बोलायला लागलं, हलवूनही नीट जागं होईना, उलट्यांवर उलट्या, मान पुढे वाकेना किंवा झटका आला, तर यातलं एक दिसलं तरी १०८ लावायचा. तान्ह्या बाळाची टाळू फुगलेली आहे का, तेही बघा.

एकदा माझंच चुकलं. “ताई, पोर्‍या बरळी राह्यना,” म्हणत शेजारीण आली. मी पॅरासिटामॉल देऊन म्हटलं, सकाळी बघू. पहाटेच झटका आला. जाऊन पाहते तर आजी नाकाशी चप्पल धरून बसलेली, काका दातांत चमचा कोंबतायत! चमचा काढायला लावला, पोराला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. झटका किती वेळ चालला ते घड्याळात बघून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

दवाखान्यात पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की आपली माणसं सही करत नाहीत, पोरगं लुळं पडेल म्हणतात. त्या पाण्यातूनच कळतं, आजार कुठला. नागिणीच्या जातकुळीतला विषाणू असला तर त्यावर औषध आहे, आणि ते लवकर सुरू झालं तरच उपयोग. चांदीपुरा नावाच्या विषाणूवर तसं औषध नाही. १९६५ साली नागपूरकडच्या चांदीपुरा गावात तो सापडला, आणि लहान मुलांना तो दोन दिवसांतही नेतो. तो पसरवते वाळूमाशी, डासाहून बारीक, साध्या मच्छरदाणीतूनही आत शिरते. धाब्याच्या घरांच्या भेगांत, गोठ्याच्या ओलीत ती वाढते. म्हणून भेगा बुजवा, शेण घरापासून लांब टाका, पोरांना जमिनीवर झोपवू नका.

तो पोरगा वाचला. पण घरी आल्यावर पाढे विसरला, जेवणाचं ताट भिरकावायचा. आई म्हणे, लाडानं बिघडला. लाड नव्हे, मेंदूला सूज येऊन गेली होती. शाळेत गुरुजींना मीच जाऊन सांगितलं. झटक्याची गोळी मात्र ‘आता बरा आहे’ म्हणून घरच्यांनी बंद केली होती. म्हणून आता ती मी दर महिन्याला पाकीट उघडून मोजते.