तालिकेत पुस्तक सापडत नाही तेव्हा: ग्रंथालयातल्या कोहाची देखभाल आणि दुरुस्ती

प्रवेश उरकून तासिका सुरू झाल्या की आमच्या तालिकीकरण विभागातला फोन ओपॅकबद्दलच्या (वाचकांसाठीच्या ऑनलाइन तालिकेबद्दलच्या) एकाच तक्रारीसाठी वाजत राहतो: "मॅडम, पुस्तक कपाटात आहे, पण ओपॅकवर दिसत नाही." अशा वेळी बहुतेक ग्रंथालयांत कुणीतरी ते पुस्तक पुढ्यात घेऊन नवी नोंद करायला बसतं. ते थांबावं म्हणून हे लिहिते आहे. नोंद बहुतेक वेळा जागेवरच असते, तिच्यापर्यंत जायची वाट कुठेतरी अडलेली असते. कुठे अडली हे न पाहता नवी नोंद केली की एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होतात, प्रती दोन ठिकाणी विभागल्या जातात, विद्यार्थ्याचं आरक्षण एका नोंदीवर राहतं आणि परत आलेली प्रत दुसऱ्या नोंदीखाली जाते. हा गुंता सोडवायला मूळ बिघाडापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.

आमच्याकडे डेबियन या लिनक्स प्रणालीवर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे, माहितीसाठ्याला मारियाडीबी आणि शोधासाठी झेब्रा. सोल किंवा ई-ग्रंथालय ही दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना आज्ञा वेगळ्या लागतील, पण तपासायचा क्रम त्यांनाही उपयोगी पडेल.

आधी वाट कुठे अडली ते बघा

कोहामध्ये नोंद राहते मारियाडीबीत, पण शोधाची चौकट मारियाडीबीला काही विचारत नाही. ती झेब्राने बनवलेली अनुक्रमणिका बघते. त्यामुळे नोंद शाबूत असूनही शोधात शून्य निकाल येऊ शकतो. हे ओळखण्यासाठी रिपोर्ट्स विभागात एक छोटा एसक्यूएल (माहितीसाठ्याला प्रश्न विचारायची भाषा) रिपोर्ट कायमचा जतन करून ठेवा: बारकोड विचारायचा आणि आयटम्स या प्रतींच्या तक्त्यातून त्याचा नोंद क्रमांक दाखवायचा. रिपोर्ट थेट मारियाडीबी वाचतो, झेब्राला मध्ये घेत नाही. आमच्या विभागात सगळ्यात जास्त चालणारा रिपोर्ट हाच.

रिपोर्टमध्ये पुस्तक आलं आणि शोधात आलं नाही, तर दोष अनुक्रमणिकेत. रिपोर्टमध्येही आलं नाही, तर प्रत जोडलीच गेलेली नाही किंवा बारकोड चुकीचा पडला आहे (पुढे स्कॅनरचं लिहिलं आहे तिथे बघा). कर्मचाऱ्यांच्या बाजूने दिसतं आणि फक्त ओपॅकवर दिसत नाही, तर कुणीतरी ते लपवलं आहे: प्रतीवर 'हरवलेले' अशी खूण असेल, नोंदीतल्या ९४२ क्षेत्राच्या 'एन' उपक्षेत्रात १ (म्हणजे 'दाखवू नका') पडला असेल, किंवा ओपॅकहिडनआयटम्स या सेटिंगमध्ये एखादा नियम जास्तच व्यापक लिहिला गेला असेल. साठापडताळणीनंतर हा प्रकार फार होतो. मे महिन्यात न सापडलेल्या प्रतींवर एकगठ्ठा खूण केली जाते, जूनमध्ये पुस्तकं सापडतात, खूण काढायची मात्र राहून जाते.

अनुक्रमणिका अडली असेल तर

'कोहा-इंडेक्सर' (अनुक्रमणिका ताजी ठेवणारा प्रोग्राम) चालू आहे का ते स्टेटस मागून बघा, नंतर 'कोहा-झेब्रा' रीस्टार्ट करा. काही मिनिटं थांबून पुन्हा शोधा. तेवढ्याने भागलं नाही तर 'कोहा-रिबिल्ड-झेब्रा' ही आज्ञा मायनस एफ, मायनस व्ही जोडून आणि आपल्या इन्स्टन्सचं (आपल्या कोहाच्या मांडणीला दिलेलं) नाव देऊन चालवा. मायनस एफने सगळी अनुक्रमणिका पुसून पहिल्यापासून बांधली जाते. बांधून होईपर्यंत वाचकांना अर्धवट निकाल दिसतात, म्हणून हे काम ग्रंथालय बंद झाल्यावरच करा. वाचनकक्ष भरलेला असताना तर मुळीच नको.

पण अनुक्रमणिका बंद का पडली, हे शोधल्याशिवाय उठू नका. अनुभवाने सांगते, पहिला संशय डिस्कवर घ्यावा. डिस्क किती भरली ते दाखवणारी 'डीएफ मायनस एच' ही आज्ञा द्या. शंभर टक्के दिसलं तर कारण सापडलं. जागा खाणारी ठिकाणं ठरलेली असतात: व्हार-लॉग फोल्डरमधले जुने लॉग (सर्व्हरने ठेवलेल्या कामाच्या नोंदी), व्हार-स्पूल फोल्डरमधले बॅकअप, आणि मारियाडीबीचे बायनरी लॉग चालू असतील तर ते. यातले बायनरी लॉग हाताने पुसू नयेत. मारियाडीबीत शिरून पर्जची आज्ञा द्यावी, नाहीतर तिच्या हिशेबात असलेल्या फाइली जागेवर सापडत नाहीत आणि सर्व्हर पुन्हा सुरू व्हायलाच नकार देऊ शकतो.

मराठी नोंदी: इथे वेळ द्या

कोहाचा जन्म न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी झाला. १९९९ मध्ये काम सुरू झालं आणि जानेवारी २००० मध्ये ते तिथे वापरात आलं. आता त्यात युनिकोड पूर्णपणे चालतं, तरी मूळ मांडणी रोमन लिपी समोर ठेवून केलेली आहे. मराठीची सोय आपल्याला स्वतः लावून घ्यावी लागते, आणि इथे कंटाळा केला तर अर्धा मराठी संग्रह तालिकेत असून नसल्यासारखा होतो.

'शेतकऱ्यांचा' हा शब्द घ्या. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, कृषी, कुठल्याही विभागात शीर्षकात सापडेल. यातला 'ऱ्य' संगणकात दोन पद्धतींनी उमटतो: कुणी ऱ आणि हलन्त टाइप करतं, कुणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण झेब्राच्या लेखी शब्द दोन. तिसरी तऱ्हा जुन्या फाइलींतून येते. रूपांतर करताना तो जॉइनर गळून पडतो आणि शब्द 'शेतकर्यांचा' असा रफार घेऊन उभा राहतो. विद्यार्थी आपल्या मोबाइलच्या कळफलकावरून एकाच तऱ्हेने टाइप करतो, त्याला तेवढीच पुस्तकं मिळतात, आणि बाकीची ग्रंथालयात नाहीतच असं समजून तो निघून जातो. मला या कामात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

'ॲ'चंही तेच. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचं टायपिंग 'अ'वर चंद्र देऊन केलेलं, आणि काही ठिकाणी हिंदी कळफलकातला 'ऍ' वापरलेला. त्यामुळे ॲरिस्टॉटलवरची पुस्तकं एकाच तालिकेत तीन गटांत पडलेली असू शकतात. फॉन्ट-रूपांतरातून आलेला 'ो' कधीकधी काना आणि मात्रा असा सुटा असतो, तोही डोळ्यांना कळत नाही.

उपाय दोन पातळ्यांवर करावा लागतो. आधी विभागाने एक रूप ठरवावं. आम्ही 'ऱ' अधिक हलन्त आणि एकसंध 'ॲ' ठरवलं आणि तो कागद प्रत्येक संगणकाशेजारी चिकटवला. सगळ्या यंत्रांवर एकच कळफलक ठेवावा, इनस्क्रिप्ट असेल तर सगळीकडे इनस्क्रिप्ट. मग जुन्या नोंदी शोधाव्यात. रिपोर्टमध्ये शीर्षक जुळवताना बायनरी हा शब्द घालावा, म्हणजे अक्षरं ढोबळपणे न जुळवता थेट बाइट तपासले जातात आणि लपलेला जॉइनर पकडला जातो. सापडलेल्या नोंदी मार्क (तालिकेतल्या नोंदींचा प्रमाण साचा) मॉडिफिकेशन टेम्पलेट करून एकगठ्ठा दुरुस्त करता येतात. २४५ हे शीर्षकाचं क्षेत्र आणि १०० हे लेखकाचं, दोन्हींवर नियम लावा, मात्र आधी मोजक्या नोंदींवर चालवून स्वतः उघडून बघा.

झेब्राचीही तपासणी हवी. मराठी शोधासाठी त्याच्या 'डिफॉल्ट डॉट आयडीएक्स' फाइलमध्ये आयसीयूची (युनिकोड अक्षरं हाताळणाऱ्या नियमांची) साखळी चालू केलेली असावी. साखळीच्या फाइलीत 'नॉनस्पेसिंग मार्क' काढून टाकणारा नियम दिसला तर तो हटवा. युरोपीय भाषांतले स्वरचिन्हांचे ठिपके आणि रेघा दुर्लक्षित करण्यासाठी तो उपयोगी आहे. देवनागरीत मात्र ऱ्हस्व-दीर्घ उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त याच गटात मोडतात. नियम तसाच राहिला तर 'कुल' आणि 'कूल' दोघांचं 'कल' होतं आणि निकालांत भलतीच पुस्तकं येतात. बदल केल्यावर पूर्ण अनुक्रमणिका पुन्हा बांधावी लागते, हे विसरू नका.

नोंदी बाहेरून आणताना लीडरचं (नोंदीच्या सुरुवातीच्या ओळीचं) ०९ वं स्थान बघा. तिथे 'ए' असेल तर नोंद युनिकोडमध्ये आहे. जागा मोकळी असेल तर ती मार्क-८ या जुन्या अक्षर-संकेतनातली समजली जाते आणि आतली मराठी चुकीची वाचली जाऊन चिन्हांचा कचरा होतो. आयएसएमसारख्या जुन्या टायपिंगच्या प्रणालीत 'सुरेख' नावाच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला माहितीसाठा असेल तर तो आयात करण्याआधी युनिकोडमध्ये आणा आणि नमुन्याच्या नोंदी पुस्तक समोर ठेवून वाचा. आयात झाल्यावर सुधारू असं ठरवलं तर ते काम कधीच होत नाही.

स्कॅनर, कळफलक, पोर्ट

स्कॅनर संगणकाला कळफलकच वाटतो. विंडोजवर मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल आणि तुमच्या दाखल क्रमांकात रोमन अक्षर असेल, तर स्कॅन केल्यावर त्या जागी देवनागरी अक्षर उमटतं. प्रत जोडताना हे घडलं तर चुकीचा बारकोड कायमचा साठवला जातो आणि पुढे देवघेवीच्या खिडकीवर ते पुस्तक ओळखलंच जात नाही. तक्रार आली की आधी नोटपॅड उघडा आणि त्यात स्कॅन करा. तिथे क्रमांक बरोबर आला आणि ओळ आपोआप बदलली तर स्कॅनर ठीक आहे. ओळ बदलली नाही तर स्कॅनरच्या पुस्तिकेतला 'एंटर' जोडणारा बारकोड त्याला दाखवा.

झेड३९.५० वरून (दुसऱ्या ग्रंथालयांच्या सर्व्हरवरून नोंदी आणायच्या सोयीतून) नोंदी येत नसतील तर पोर्ट २१० बाहेर जायला खुलं आहे का, हे संगणक केंद्राला विचारा. विद्यापीठाची फायरवॉल नवी बसली किंवा तिचे नियम बदलले की हे पोर्ट हमखास बंद होतं. सगळेच सर्व्हर गप्प असतील तर दोष आपल्याकडचा, एखादाच गप्प असेल तर त्यांच्याकडचा.

बॅकअप खरंच होतो का?

कोहा रोज स्वतः बॅकअप घेतं, असं सगळे सांगतात. ते कधी घेतं हे पाहा. डेबियनवर रोजची कामं पहाटे ६:२५ ला सुटतात. ज्या ग्रंथालयात संध्याकाळी शिपाई मेन स्विच बंद करतो आणि सर्व्हर सकाळी दहाला चालू होतो, तिथे ॲनाक्रॉन (हुकलेली रोजची कामं नंतर करून घेणारा प्रोग्राम) बसवलेलं नसेल तर ती वेळ रोज हुकते. बॅकअप होत नाही, मुदत संपल्याच्या सूचनाही जात नाहीत, आणि कुठेही लाल अक्षरात काही दिसत नाही. म्हणून आजच व्हार-स्पूल-कोहा उघडून शेवटच्या फाइलीची तारीख वाचा. सर्व्हर रात्री चालू ठेवता येत नसेल तर ॲनाक्रॉन बसवा किंवा वेळ दुपारची करा.

मूळ मांडणीत दोनच दिवसांचे बॅकअप ठेवले जातात. शुक्रवारी बिघडलेली नोंद सोमवारी लक्षात आली तर चांगली प्रत पुसली गेलेली असते. दिवस वाढवा आणि फाइली रोज दुसऱ्या यंत्रावर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत पाठवा. दोन्ही फाइली लागतात: एसक्यूएलची आणि मांडणीची. वर्षातून एकदा तरी जुन्या संगणकावर कोहा बसवून बॅकअप परत भरा आणि एक-दोन मराठी पुस्तकं शोधून बघा. न भरून पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

पावसाळ्याआधी यूपीएसची बॅटरी तपासून घ्या आणि वीज गेल्यावर सर्व्हर नीट बंद होईल अशी जोडणी करा. सर्व्हरची तारीख अचानक मागे गेलेली दिसली, परतीच्या तारखा विचित्र पडू लागल्या किंवा ब्राउझर प्रमाणपत्र नाकारू लागला, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. स्वस्तातली वस्तू आहे, पण ती संपली की देवघेव बंद पडते.

कोहाच्या नव्या आवृत्त्या मे आणि नोव्हेंबरमध्ये येतात. त्या लगेच घेऊ नयेत. पहिले एक-दोन दुरुस्ती-संच येऊ द्यावेत, आधी चाचणीच्या यंत्रावर चालवावं आणि परीक्षा, प्रवेश किंवा नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) भेट तोंडावर असताना सर्व्हरला हातच लावू नये.

यातून मार्ग निघाला नाही आणि बाहेर मदत मागायची वेळ आली तर 'कोहा चालत नाही' एवढंच लिहू नका. आवृत्ती क्रमांक, शेवटचा बदल कोणी आणि कधी केला, आणि व्हार-लॉग-कोहामधल्या प्लॅक-एरर लॉगच्या त्या मिनिटाच्या ओळी, इतकं द्या. सर्व्हरशेजारी वही ठेवून प्रत्येक बदल तारखेसह लिहिलेला असेल तर ही माहिती लगेच हाताशी येते. पाठवण्याआधी त्या ओळींतून वाचकांची नावं, सभासद क्रमांक आणि फोन क्रमांक काढून टाका.