इमान (विमान) फास्ट की बंदुकीची गोळी? हिशोब असा लावायचा

मे महिन्यात भाचा शिरोड्याला आलेला, संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर होतो आणि गोव्याच्या बाजूने एक लढाऊ विमान डोक्यावरून गेलं, तर तो विचारतो, "मामा, इमान फास्ट की बंदुकीची गोळी?" म्हटलं थांब, आधी नीट हिशोब मांडू, कारण ह्यात भलेभले चुकतात. तोच हिशोब इथे लिहितोय.

सगळ्यात आधी आकडे एका मापात आणा. विमानाचा वेग ताशी किलोमीटरमध्ये सांगतात, गोळीचा सेकंदाला मीटरमध्ये आणि पायलट लोक बोलतात माकमध्ये, म्हणून गोंधळ होतो. ताशी किलोमीटरला 3.6 ने भागलं की सेकंदाचे मीटर मिळतात, म्हणजे 900 चे झाले 250.

मग आवाज. माक 1 म्हणजे आवाजाचा वेग, पण तो सगळीकडे सारखा नसतो, हवेच्या तापमानावर ठरतो. शून्य डिग्रीतल्या 331 मध्ये तापमानाची 0.6 पट मिळवा, आपल्याकडच्या 32 डिग्रीत सेकंदाला साधारण 350 मीटर येतात, ताशी 1260 किलोमीटर. 11 किलोमीटर उंचीवर उणे 56 डिग्री थंडी असते, तिथे आवाज सेकंदाला 295 मीटरच जातो. म्हणून राफेलचा माक 1.8 जमिनीजवळच्या 350 ने गुणू नका, वर ते सेकंदाला 530 मीटरच्या आसपास भरतं.

हे कानाने पण तपासता येतं. तेरेखोलच्या खाडीकाठी उभे राहा, पलीकडे कोणी होडीला खिळे ठोकत असेल तर बघत राहा, हातोडा पडलेला दिसतो आणि तो परत वर उचलला गेला की मग ठक्क ऐकू येतं. अर्धा सेकंद उशीर म्हणजे मधे 175 मीटर पाणी. भाचा अर्धा तास तिथून हलायला तयार नव्हता.

आता गोळी. 9 एमएम पिस्तुलाची गोळी सेकंदाला 360-370 मीटर, म्हणजे आवाजाच्या जरा पुढे, एके-47 ची 715. म्हणजे राफेल पिस्तुलाला हरवतं, एके-47 ला नाही. पण एसआर-71 ह्या अमेरिकन हेर विमानाने 28 जुलै 1976 ला ताशी 3529 किलोमीटरचा रेकॉर्ड केला, ते होतात सेकंदाला 980 मीटर, तिथे एके-47 पण मागे पडते!

आणि हे विसरू नका की गोळीचा आकडा नळीतून सुटतानाचा असतो. पुढे तिला ढकलणारं काही नाही, हवा अडवत राहते आणि वेग पडत जातो, विमानाला मात्र इंजिन आहे. 21 सप्टेंबर 1956 ला अमेरिकेत टॉम अ‍ॅट्रिज हा टेस्ट पायलट एफ-11 टायगर घेऊन समुद्रावर सूर मारत होता, त्याने 20 एमएम तोफेच्या गोळ्या झाडल्या आणि मग आणखी तीव्र सूर मारला, गोळ्या हवेत मंदावून खाली येत होत्या आणि विमान जाऊन त्यांनाच धडकलं. इंजिनात बिघाड होऊन विमान पडलं, पायलट वाचला हे नशीब. म्हणून कोणी दोन आकडे समोर ठेवले की पहिलं विचारायचं, गोळी सुटून किती वेळ झाला आणि विमान किती उंचीवर आहे?

शेवटचं, आकाशात जेट शोधायचं असेल तर आवाज येतो तिथे बघू नका. ते सेकंदाला 250 मीटरने चाललंय आणि तुमच्या डोक्यावर 1400 मीटर उंचीवर होतं, तर तिथला आवाज खाली पोचायला 4 सेकंद लागतात, तेवढ्यात ते 1 किलोमीटर पुढे गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी आवाज आला तेव्हा सगळे वर बघत होते, भाच्याने सरळ वेंगुर्ल्याच्या दिशेला बोट दाखवलं, "मामा, थंय बघ!"