सोलापुरात बसून जुन्या माइनस्वीपरचा सेवा-इतिहास कसा मांडावा

एकच जहाज घ्या. उदाहरणार्थ ब्रिटिश नौदलाचं पॅडल माइनस्वीपर, म्हणजे बाजूच्या वल्ह्यांच्या चाकांनी चालणारं, समुद्रातले सुरुंग काढणारं जहाज, ‘ॲस्कॉट’: 1916 मध्ये जलावतरण, 10 नोव्हेंबर 1918 ला, पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीच्या आदल्या दिवशी, फार्न बेटांजवळ ‘यूबी-67’ पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं. हे दोन खुंटे आधी ठोका, मग मधली वर्षं भरा.

आडवी खतावणीची वही उत्तम. रकाने पाच: तारीख, ठिकाण, काम, सोबतचं जहाज, पुरावा. पुराव्याचा रकाना रिकामा असेल तर नोंद पेन्सिलीनेच ठेवा.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने नेव्ही लिस्ट, म्हणजे नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या अधिकृत याद्या, मोफत ठेवल्या आहेत. त्यातून कप्तान आणि नेमणुकीच्या तारखा मिळतात. लॉगबुकं, म्हणजे जहाजांच्या रोजच्या नोंदवह्या, लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, नौदल खात्याच्या कागदपत्रांच्या ‘एडीएम 53’ या मालिकेत शोधा. लहान जहाजांची लॉगबुकं बऱ्याचदा उरलेलीच नाहीत. तेव्हा जोडीदार जहाज शोधा. सुरुंग काढण्याच्या ‘ए-स्वीप’ पद्धतीत दोन जहाजं मधोमध एकच तार ओढत, ‘काइट’ नावाचा लाकडी सांगाडा ती तार ठरल्या खोलीवर धरून ठेवी. म्हणजे एकाने तार सोडल्याची वेळ दुसऱ्याच्या लॉगमध्येही सापडू शकते.

सगळ्यात जास्त घोळ पेनंट नंबरचा, म्हणजे जहाजावर रंगवलेल्या ओळख क्रमांकाचा. युद्धात ते बदलले, त्यामुळे फोटोतल्या नंबरावरून जहाज ठरवू नका. नंबर आणि तारीख दोन्ही जुळवा. जहाजांची नावंही बदलली: ‘हंट’ वर्गातल्या अनेक माइनस्वीपरांना बंदरांची नावं होती, आदेशात गोंधळ नको म्हणून ती बदलली. दोन्ही नावांनी शोधा. ग्रिनिच वेळेत साडेपाच तास मिळवून नोंद करू नका, तारीख सरकते.