महाभारतातल्या पात्रावर कथा लिहायचीय? आधी आराखडा असा करा

दिवाळी अंकांचा आणि एकांकिकांचा सीझन जवळ आला की कुणी ना कुणी विचारतंच, ताई, कर्णावर काहीतरी लिहितोय, जरा बघशील का. बघते. लिहिणारी पोरं हुशार असतात, संवाद फर्मास असतात, आणि तरी कथा चार-पाच पानांत कोसळते, कारण आराखडा न करताच लिहायला घेतलेली असते. नेटवर सल्ले काय मिळतात तर खलनायकाला हीरो करा, शेवट फिरवा, आजच्या काळात आणा. याने कथा उभी राहत नाही. मी कशी करते ते सांगते.

पात्र असं घ्या की ज्याच्याबद्दल ग्रंथ एकदा ठळकपणे बोलतो आणि मग बराच काळ गप्प बसतो. इथे विकर्ण घेऊ. धृतराष्ट्राचा मुलगा. द्यूतसभेत मोठे मोठे लोक गप्प बसलेले असताना हा उठून म्हणतो की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, द्रौपदी पाचही जणांची आहे, पणाला लावायची कल्पनाही शकुनीची, तेव्हा ती जिंकली गेलीच नाही. पुढे हाच माणूस विराटाच्या गायी पळवायला गेलेल्या सैन्यात असतो, युद्धात दुर्योधनाच्याच बाजूने लढतो आणि चौदाव्या दिवशी भीमाच्या हातून मरतो. त्या सभेनंतरची वर्षं रिकामी आहेत. ती तुमची.

मग मूळ वाचा, आणि मूळ म्हणजे टीव्हीवरची मालिका नव्हे हे मला दर वेळी सांगावं लागतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ घालवून, १२५९ हस्तलिखितं पडताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, ती काय शोभेला ठेवायला नाही. संस्कृत येत नसेल तर मराठीत पूर्ण भाषांतर आहे, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसा, तुमच्या पात्राचे प्रसंग तेवढे काढून वाचलेत तरी पुरे. वाचलंत की कळेल, "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाहीच. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम हसतो, नोकरचाकर हसतात, आणि द्रौपदी हसली हे नंतर दुर्योधन घरी जाऊन बापाला सांगतो. अभिमन्यूही युधिष्ठिराला सांगतो की चक्रव्यूहात शिरायचं वडिलांनी शिकवलंय, गर्भात ऐकल्याचं तो म्हणत नाही. रामायणावर लिहिणार असाल तर वाल्मीकींकडे लक्ष्मणरेषा नाही. लोककथेतलं वापरू नका असं मी म्हणत नाहीये, खुशाल वापरा, फक्त कुठलं कुठून आलंय ते तुम्हाला माहीत पाहिजे.

इथेच कर्णाबद्दल एक. आपल्याकडे कर्णावर लोकांचा फार जीव, त्यामुळे सभेतला कर्ण सोयीस्कर गाळतात. विकर्ण बोलल्यावर त्याला पोरकट ठरवून गप्प करणारा कर्णच आहे, आणि पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणाराही तोच. हे ठेवा. कारण उद्योगपर्वात तोच कृष्णाला म्हणतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कडू बोललो, त्याचा मला आता ताप होतो. पाप गाळलंत तर हा पश्चात्ताप कशाचा राहील?

काय बदलायचं, काय नाही: कृती मूळचीच ठेवा, कारण तुमचं घाला. विकर्ण पळून गेला, पांडवांना जाऊन मिळाला असलं काही करू नका, ते त्याच्या सावत्र भावाने, युयुत्सूने केलंय. भाषा साधी ठेवा, भ्राताश्री-मामाश्री नको, भावाला दादा म्हणालात तरी कुणी मारायला येणार नाही.

आता खरा कठीण टप्पा. मला सगळ्यात जास्त दमवलं ते यानेच आणि याबद्दल कुणी धड बोलत नाही. तुमच्या पात्राने महाभारत वाचलेलं नाही. तुम्ही वाचलंय, वाचकाने वाचलंय, आजीकडून ऐकलंय, पण त्या माणसाला उद्या काय होणार याचा पत्ता नाही. आणि आपल्याला शेवट इतका पाठ असतो की तो नकळत पात्राच्या तोंडून गळायला लागतो. पहिल्याच प्रसंगात विकर्ण म्हणतो, "या सभेतच आपल्या कुळाचा नाश लिहिला गेला." झालं, कथा तिथेच मेली, कारण ज्याला नाश दिसतोय तो पुढची एवढी वर्षं त्याच घरात जेवतोय कशाला याचं उत्तर तुमच्याकडे नाही.

म्हणून मी वहीत तीन रकान्यांचा तक्ता करते. प्रसंग, पात्राला त्या दिवशी काय माहीत, काय माहीत नाही. तिसरा रकाना सगळ्यात मोठा व्हायला पाहिजे. कर्णाच्या जन्माचंच घ्या. कुंतीला पहिल्यापासून माहीत. भीष्माला माहीत होतं, पण बाणांच्या शय्येवर पडल्यावरच तो कर्णाशी ते बोलतो. कृष्ण शिष्टाई फसल्यावर कर्णाला सांगतो, पाठोपाठ कुंती गंगेकाठी जाऊन भेटते. पांडवांना कळतं युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी द्यायच्या वेळी. आणि विकर्णाला? त्याच्यासाठी कर्ण शेवटपर्यंत सूतपुत्र. म्हणजे सभेत कर्णाने त्याला गप्प केलं तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल ते यातून ठरतं, आणि ते फारसं शोभणारं नसेल. तेच लिहा.

अजून एक प्रसंग जवळून बघू. राजपुत्रांच्या शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात कर्ण आणि अर्जुन समोरासमोर येतात, कुंती बेशुद्ध पडते, विदुर दासींकडून तिच्यावर चंदनाचं पाणी शिंपडवतो. समजा तुमची कथा त्या दासीची आहे. "दोन लेकरांमध्ये आईचं काळीज फाटलं हे तिला दिसलं" असं लिहिलंत की चूक, तिला ते दिसूच शकत नाही. तिला काय दिसणार, तर ऊन आहे, गर्दी आहे, राणीसाहेबांनी सकाळपासून काही खाल्लं नाहीये. ती म्हणेल, "उन्हाचं झालं असेल." वाचकाला खरं कारण माहीत आहे, त्यामुळे या साध्या वाक्यावर तो थबकतो. मग अधिरथ घामाघूम, काठी टेकत, उपरणं घसरलेलं असा येतो आणि कर्ण अभिषेकाने ओलं झालेलं डोकं त्याच्या पायावर ठेवतो, तेही दासीने नुसतं बघायचं, अर्थ लावायचा नाही.

तक्ता झाला की कच्च्या मसुद्यात नियती, अटळ, कलियुग, "पुढे जे घडणार होतं" हे शब्द शोधा आणि जिथे सापडतील तिथे तो परिच्छेद परत लिहा, नुसता शब्द बदलून भागत नाही.

दृष्टिकोन एकाचाच ठेवा. काळ शक्यतो एक दिवस किंवा एक रात्र.

शेवट कुठे थांबवायचा तेही हाच तक्ता सांगतो. कौरवांना मारायची भीमाची प्रतिज्ञा सगळ्या हस्तिनापुराने ऐकलीय, त्यामुळे एक दिवस भीम आपल्यासमोर येणार हे विकर्णाला पक्कं माहीत आहे, ते दुसऱ्या रकान्यात. पण त्याला मारल्यावर भीम हळहळतो, त्याच्यासाठी शोक करतो, हे विकर्णाला कधीच कळत नाही. कथा विकर्णाच्या तोंडून असेल तर तो शोक तुम्हाला दाखवता येणार नाही. आत्मा वरून बघतोय वगैरे करू नका, कृपा करून नका करू. एक तर कथा भीमाच्या सारथ्याच्या नजरेतून सांगा आणि आराखडा पुन्हा करा, नाहीतर भीमाचा रथ विकर्णाकडे वळतो तिथे थांबा. मी दुसरं निवडते, आणि त्यासाठी आधीच्या एखाद्या प्रसंगात, अगदी लहानपणी नदीवर पोहताना वगैरे, भीम आणि विकर्ण यांच्यात काहीतरी बरं घडलेलं पेरून ठेवते, म्हणजे न दाखवलेला शोक वाचक स्वतःच आणतो.